ठेंगणं दार

जुन्या तुरुंगाचं वाचनालय करायचं काम लेकीकडे आलं आणि तिने कोठड्यांची ठेंगणी दारं उंच करून घेतली. उद्घाटनाच्या दिवशी ती बाबांना घेऊन आधीच पोचली. संप केला म्हणून बाबांनी इथे दोन वर्षं काढली होती. आत ढकलताना शिपाई रोज म्हणायचा, "मान खाली."

बाबांच्या कोठडीचं दार मात्र होतं तेवढंच होतं.

"हे राहिलं की गं."

"राहिलं नाही बाबा, ठेवलंय. आत खुर्चीवर जाऊन बसा. पाहुणे इथेच यायचेत."

बाबा शेवटचं वाकले आणि आत जाऊन बसले.

फीत कापून मंत्रीसाहेब कोठडीच्या दारापाशी आले, आणि थबकले.

बाबा खुर्चीतून हलले नाहीत. "या ना," ते म्हणाले, "फक्त मान खाली."