अर्धी गोळी

"ह्या नव्या गोळीत स्टार्च कशाचा असतो?" विभावरीनं चिठ्ठी काउंटरवर सरकवली.

औषधवाल्या रघूत्तमनं चिठ्ठीवरचं नाव वाचलं आणि चष्म्यावरून पाहिलं. "ही तर तुमच्या सासऱ्यांची बीपीची. गव्हाचं पथ्य इराचं ना?"

"इराचंच. पण गोळी घरात येणार, म्हणून विचारते."

विचारताना तिचा आवाज नेहमीसारखा ठाम नव्हता. तासाभरापूर्वी डॉक्टरांनी गंगाधररावांच्या दंडाचा पट्टा सोडला होता आणि आकडा मोठ्यानं वाचला होता. एकशे नव्वद, एकशे दहा. "रोज घेता ना गोळी?" त्यांनी विचारलं. गंगाधररावांनी समोरच्या भिंतीकडे बघत मान हलवली. "रोज घेऊनही एवढं असेल तर दुसरी जोडायला हवी. ह्या वयात झटका यायला वेळ लागत नाही." विभावरीनं सासऱ्यांना रिक्षानं घरी सोडलं आणि तशीच विजयनगरच्या चौकातल्या ह्या दुकानात आली.

फेब्रुवारीत तिच्या मुलीला, इराला, सिलिअॅक असल्याचं कळलं. गव्हाचा कणही चालणार नव्हता. सहा वर्षांची पोर, हातपाय काडीसारखे. विभावरीनं त्याच आठवड्यात पोळपाट-लाटणं देऊन टाकलं, कणकेचा डबा घासून उन्हात ठेवला आणि मग तोही देऊन टाकला. गोळी कशानं बांधलीय ते पाकिटावर लिहिलेलं नसतं, म्हणून ती एकेका कंपनीला मेल करत बसे. घरात सगळ्यांना तिनं एकच सांगितलं होतं. बोटाला लागलेलं पीठसुद्धा पुरेसं आहे. हात धुतला म्हणजे गेलं असं समजू नका.

इरा मात्र जेवत नव्हती. जेवायची ती फक्त आजोबांच्या हातून. ते परातीत मऊ भात आणि पातळ सारू कालवत, एकेक घास वळून अंगठ्यानं त्यात खळगा करत, खळग्यात तूप सोडत आणि तिच्या तळहातावर ठेवत. कैतुत्तु, म्हणजे हातावरचा घास, असं ते म्हणत. त्यांच्या आईनं त्यांना असंच वाढवलं होतं. तळहातावर घास आला की इरा नाही म्हणायची नाही. चार महिन्यांत तिचं वजन दोन किलोनं वाढलं.

रघूत्तम कपाटाकडे वळला आणि तिथूनच म्हणाला, "तुमच्या घरात सगळे एकच प्रश्न विचारतात बघा."

"सगळे कोण?"

"गंगाधरराव. दर महिन्याला येतात. मी त्यांची गोळी काढून ठेवतो. ते पाकीट उलटंपालटं करतात, स्टार्च कशाचा म्हणून विचारतात. मी म्हणतो, ठाऊक नाही. मग पाकीट परत ठेवतात आणि नुसता बाम घेऊन जातात."

"म्हणजे गोळ्या दुसरीकडून आणतात?"

"कुठून आणणार? एप्रिलपासून घेतच नाहीत." तो थांबला. "तुम्हाला ठाऊक नाही?"

विभावरीनं नकारार्थी मान हलवली. शेजारच्या बाईनं खोकल्याचं औषध मागितलं, ते देऊन रघूत्तम पुन्हा तिच्याकडे वळला.

"मी भांडलो त्यांच्याशी," तो आवाज खाली आणून म्हणाला. "म्हटलं, अय्यो, तुम्हाला कुठं गव्हाचा त्रास आहे? तर म्हणाले, अर्धीच गोळी घ्यायची असते. नखानं मोडतो, भुगा बोटांना लागतो. त्याच बोटांनी पोरीला भरवतो."

"मला विचारायचं होतं."

"मी तेच म्हटलं. सुनेला विचारा, ती सगळं शोधून काढते. तर हसले. म्हणाले, विचारलं की ती मला भरवूच देणार नाही. मग पोर जेवणार कुणाच्या हातून?"

त्यांनी विचारलं असतं तर तिनं खरंच तसं केलं असतं. आधी भरवणं बंद, चौकशी मग.

"ही नवी नका देऊ," ती म्हणाली. "जुनीच द्या. मी डॉक्टरांना आत्ता फोन करून खरं काय ते सांगते. ते म्हणतील तसं." रघूत्तमनं जुनं पाकीट काढलं. तिनं त्यावरचं कंपनीचं नाव पाहिलं, मोबाइल उघडला आणि मेल लिहायला घेतला. पहिली दोन अक्षरं टाइप केली तर पत्ता आपोआप आला. ह्या कंपनीला तिनं आधीच लिहिलं होतं. इराचं कळलं तेव्हा घरातल्या झाडून सगळ्या औषधांसाठी तिनं मेल पाठवले होते. ज्यात गहू निघाला त्यांची यादी फ्रिजवर लावली होती. ज्यात निघाला नाही त्यांच्याकडे पुन्हा पाहिलं नव्हतं.

उत्तर दोन ओळींचं होतं. स्टार्च मक्याचा. गव्हाचा अंश नाही. तारीख चौदा मार्च.

डॉक्टरांनी फोनवर जुनीच सुरू करायला सांगितल्यावर तिनं घरी फोन लावला. गंगाधररावांनीच उचलला. मागं इराची बडबड ऐकू येत होती. ताटाचा आवाज येत होता.

"बाबा, तुमच्या गोळीत गहू नाहीये. मका आहे. तुम्ही मोडा, भरवा, काही होत नाही. मी गोळी घेऊन निघालेच आहे."

पलीकडं त्यांनी सोडलेला श्वास तिला स्पष्ट ऐकू आला.

"हौदा, खरंच? बरं झालं बघ. उगीच तुला त्रास नको म्हणून बोललो नव्हतो." त्यांचा आवाज मोकळा झाला होता. "कधी कळलं गं?"