गोड पाण्याचा पंप

चाकांचा लाकडी बैल. एक शिंग तुटलेलं. रंग मात्र दहा वर्षांत कुठे उडालेला नाही.

शाळेच्या फोटोत सव्वीस पोरं. दात दाखवून हसणारं एकही नाही.

चुलीवर पातेलं. पोरांचं पाणी आशाबाई उकळूनच देते. पंपाच्या पाण्यातलं हे विष उकळून जात नाही, असं डॉक्टरने मागच्या महिन्यात सांगितलं. तिची सवय काही गेली नाही.

डॉक्टरचाच कागद: हाडं आता सरळ होणार नाहीत.

वारलू सकाळच्या बसने चंद्रपूरला निघाला. पिशवीत तो फोटो आणि तो कागद. शेजारी बायको आशाबाई, मांडीवर तीन वर्षांची दिव्यानी. थोरला मुलगा रोशन घरीच होता. बाराव्या वर्षी त्याचे पाय गुडघ्यांत असे वाकले होते की बसची पायरी त्याला चढवत नव्हती. दिवसभर तो खाटेवर बसून त्या लाकडी बैलाची चाकं फिरवायचा. बैल त्याच्या बापानेच घडवलेला, बापानेच रंगवलेला.

बोरटोल्यातल्या आईबापांना गोळा केलं तेही वारलूनेच. घरोघर जाऊन त्याने पोरांचे तपकिरी दात मोजले. अर्ज लिहिले, सह्या घेतल्या, अंगठे घेतले. एके काळी तो ग्रामपंचायतीत शिपाई होता. कोणता कागद कोणत्या टेबलावर अडतो हे त्याला पाठ होतं.

"वारलूभाऊ हाय म्हनून, नाई तं आपल्याले कोन विचारते?" शेजारची बायनाबाई येताजाता म्हणायची.

चार वर्षं हे चालू होतं. पंपही चालूच होता. दुसरा पंप दीड कोस लांब, आणि याचं पाणी गोड.

"आज बी नाई झालं तं?" आशाबाईने विचारलं.

"होते आज. पंप उपटूनच येतो."

"मागच्या खेपेले बी उपटूनच येनार होता तुमी." ती हसली नाही. दिव्यानीचा ओठ वर करून तिने पाहिलं. "इचे अजून पांढरे हायत. एवढे तरी राहू द्या म्हना सायबाले."

कचेरीत साहेबांनी जुनी फाईल काढली. पानं उलटत राहिले.

वारलूचा धीर सुटला. "आमाले कोनी सांगतलं काऊन नाई, सायेब? माह्या पोराचे पाय कोन देईन वापस? ज्यानं दाबून ठेवलं त्याचं नाव पाह्यजे मले. गावापुढं उभा करतो त्याले."

"ओरडू नका हो. सांगितलं होतं." साहेबांनी एका पानावर बोट ठेवलं. "दोन हजार चौदा, जून. पंपाचं पाणी पिण्यास अयोग्य. पंपाला लाल रंग मारावा, म्हणजे न वाचता येणाऱ्यालाही कळेल."

"कुठी हाय लाल? पंप तं निळाच हाय पयल्यापासून," आशाबाई म्हणाली.

"ते मी काय सांगू, बाई? रंगाचा डबाही पाठवला होता. ही बघा पोच. ग्रामपंचायतीच्या शिपायाची सही."

वारलूने कागद जवळ ओढला.

आशाबाईला वाचता येत नव्हतं. "कोनाची हाय?" तिने विचारलं.

पंखा फिरत होता. कागदाचा कोपरा उडत होता, तो वारलूने अंगठ्याने दाबून धरला.

"पुसट हाय," तो म्हणाला. "दिसत नाई."

"नीट पाहा ना."

"नाई दिसत म्हनलं ना."

दिव्यानी तहानेने किरकिरू लागली. आशाबाईने घरून आणलेली बाटली तिच्या तोंडाला लावली.

दोन हजार चौदाच्या तान्ह्या पोळ्यात गावातल्या पोरांचे छप्पन्न लाकडी बैल होते, आणि पहिलं बक्षीस रोशनच्या लालभडक बैलाला मिळालं.