आतला माणूस

"बस," मॅम विल्मा म्हणाल्या.

"उभाच बरा आहे, मॅम."

रेन्येल फळ्यापाशी ताठ उभा होता. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, खाकी पँट, काळे बूट. गुन्हेशास्त्राच्या सगळ्याच मुलांसारखी याचीही मान भादरलेली. विसाव्यात गेलेला पोरगा, पण मागून पाहिलं तर नुकतंच न्हाऊ घातलेल्या तान्ह्याचं डोकं. आज त्याच्या प्रबंधाच्या आराखड्याची तोंडी परीक्षा होती. रिवाजाप्रमाणे परीक्षकांसाठी त्याने पानसितच्या शेवयांचा मोठा ट्रे आणला होता. पहिला प्रश्न विचारायच्या आधीच कर्नल गोदोफ्रेदोंच्या दोन बश्या झाल्या होत्या.

कॉलेजातल्या गुप्त संघटनांमध्ये नव्या पोरांना आत घेताना जी मारहाण होते, ती सोसलेल्यांच्या मुलाखती, असा त्याचा विषय. आकडे नकोत, तक्ते नकोत. त्यांनी सांगावं, आपण ऐकावं. मागच्या महिन्यात विल्मांनी हाच आराखडा परत केला होता. "परक्याला कोण सांगणार रे? आतला माणूस हवा. तो गाठ, नाहीतर विषय बदल." एवढं बोलून त्या पुढच्या तासाला निघून गेल्या होत्या.

"आता किती जण बोलायला तयार आहेत?"

"सात, मॅम."

"तेव्हा तर एकही नव्हता."

"आपल्या माणसाला सांगतात, मॅम."

"अरे वा, आपला माणूस!" कर्नल तोंड पुसत उठले. पोलिसातल्या कर्नलपदावरून निवृत्त होऊन शिकवायला आलेले, पोरांचे लाडके. "मग मला सांग, ज्याने स्वखुशीने मार खाल्ला त्याच्यावर गुन्हा झाला की नाही? बोल की. शेवया आणल्यास, उत्तर घरीच राहिलं वाटतं?"

रेन्येल अडखळला. कर्नलनी टेबलावरची लाकडी पट्टी उचलली आणि वर्गात नेहमी करत तशी, गमतीने, त्याच्या मांडीवर मागून एक दिली. लागावी म्हणून मारलेली नव्हतीच.

रेन्येलचे हात आपोआप डोक्यामागे गेले.

"थँक यू, मास्टर! अजून एक, मास्टर!"

आवाज खणखणीत होता, फटक्यागणिक घोटून घेतलेला. खोलीत कुणी हसलं नाही. मागच्या बाकावर त्याचा प्रबंधातला जोडीदार जेरिक बसला होता, तो स्वतःच्या बुटांकडे बघू लागला. कर्नलनी पट्टी खाली ठेवली, चटका बसल्यासारखी.

विल्मा उठून रेन्येलच्या मागे गेल्या. पट्टी बसली होती तिथे खाकी कापडावर एक ओला डाग सावकाश मोठा होत होता. त्यांनी त्याच्या मांडीला बोट लावलं. मांस नव्हतंच ते, तापलेला दगड होता.

"कधीपासून?"

"तुम्ही आराखडा परत दिलात ना, त्याच आठवड्यापासून." तो वळला. डोळ्यांत पाणी होतं आणि तोंडावर हसू. "आज रात्री माराची शेवटची पाळी, मॅम. ती झाली की मी पुरता आतला. मग सगळे बोलतील. आराखडा पास करा ना, मॅम."

शेवटच्या पाळीचं विल्मांना ठाऊक होतं. गेल्या वर्षी असाच एक पोरगा तिथून घरी आला तो शवपेटीतूनच. त्याची आई पेटीवरची काच रुमालाने पुसत राहिली होती, काच स्वच्छ झाली की पोर डोळे उघडेल अशी.

त्यांनी रेन्येलचं मनगट धरलं आणि त्याला दाराकडे नेलं. दारात जेरिक येऊन उभा राहिला होता. त्याने कडक सलाम ठोकला.

"मॅम, द्या त्याला आमच्याकडे. आम्ही घेऊ काळजी."

"बाजूला हो."

"अर्ध्यातून कुणी सुटत नाही, मॅम. मीही नाही सुटलो."

विल्मांचा हात उठला. असा हात त्यांनी उभ्या नोकरीत कुणावर उचलला नव्हता. जेरिकच्या ओठातून रक्ताची धार हनुवटीपर्यंत आली. तो जागचा हललाही नाही.

"हे काहीच नाही, मॅम," तो नम्रपणे म्हणाला, आणि त्यांच्या खांद्यावरून पलीकडे, कर्नलकडे बघू लागला. वाट बघत.

विल्मांनीही मागे वळून पाहिलं. कर्नलची नजर शेवयांच्या ट्रेवर होती. बऱ्याच वेळाने त्यांनी होकाराची मान हलवली, जेमतेम दिसेल इतकी.

जेरिक बाजूला झाला.

फाटकाशी भाड्याची एक ट्रायसिकल उभी होती, मोटारसायकलला साइडकार जोडलेली. रेन्येलला बसता येईना. शेवटी तो साइडकारमध्ये गुडघ्यांवर टेकला आणि विल्मांच्या मांडीत त्याने तोंड खुपसलं. त्याच्या अंगातला ताप त्यांच्या साडेतीन हात देहात उतरत होता.

"हॉस्पिटल, मानोंग. लवकर," विल्मा वडीलधाऱ्या ड्रायव्हरला म्हणाल्या.

बंदराकडचा रस्ता उखडलेला होता. पहिला खड्डा आला, चाक आदळलं. मांडीतून आवाज आला, कापडात दबलेला, पण शब्द न् शब्द कळावा असा.

"थँक यू, मास्टर. अजून एक, मास्टर."

दुसरा खड्डा. पुन्हा तेच. तिसऱ्याला म्हाताऱ्या ड्रायव्हरने मान वळवली.

"कुणाचे आभार मानतोय हो, बाई, हा पोरगा?"

विल्मांनी ती भादरलेली मान दोन्ही हातांनी झाकून घेतली.

"माझे," त्या म्हणाल्या. "तुम्ही खड्डे चुकवा."