घोगरगावच्या पुढे

घोगरगाव मागे पडलं आणि विजू आईच्या मांडीवरच हागली. हिरवट पाणी, भडाभडा. सुनीतीचं लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलं. ओघळ बाकाखाली गेला आणि पुढच्या माणसाच्या पिशवीला लागला.

पेट्रोल सगळं लढाईला जात होतं, म्हणून सर्व्हिस मोटार कोळशाच्या गॅसवर चालत होती. मागच्या पिंपातला धूर, विड्या, डोक्यांचं खोबरेल, कुणाच्या तरी गाठोड्यातलं सुकट. सुनीतीला सातवा महिना होता. नगरपासून ती दातांवर दात दाबून बसली होती. आता त्यात हा वास.

"पटकी!" पिशवीवाला उभा राहून ओरडला. "पोरीला पटकी हाय! गाडी थांबवा!"

मोटार थांबली. माणसं नाकाला धोतराचे सोगे लावून सरकली. एकाने सुनीतीच्या खांद्यावरून खिडकीबाहेर पिंक टाकली.

"पटकी नाही हो," सुनीती म्हणाली. "काल पेरू खाल्ले तिने, बियांसकट."

कोणी ऐकलं नाही. कंडक्टर चार हात लांबच उभा राहिला.

"बाई, उतरा."

"इथे? मला मिरजगावला जायचंय. सासूबाई मळ्यावर आहेत, बाळंतपणाला चाललेय."

"संगं कोन हाय तुमच्या?"

सुनीतीने पुढे पाहिलं. ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर तिचा धाकटा दीर यज्ञेश्वर बसला होता. तिला मळ्यावर पोचवायला तोच बरोबर आला होता. पण वाटेत काकासाहेब मोटारीत चढले, तसा तो पुढे त्यांच्या शेजारी जाऊन बसला. काकासाहेबांची मुलगी त्याला सांगून आली होती.

यज्ञेश्वर खिडकीबाहेर पाहत होता.

"शी!" काकासाहेब नाकाला रुमाल लावून म्हणाले. "कोणाची ही बाई?"

"कोण जाणे," यज्ञेश्वर म्हणाला. "असल्या लोकांना गाडीत घेऊच नये."

आवाज जरा मोठाच निघाला. तो सुनीतीपर्यंत पोचला.

"कोणी नाही," ती कंडक्टरला म्हणाली. "एकटी आहे."

पोरीला कडेवर आणि पोटाला हाताने सावरत ती पायरीकडे निघाली. वाट द्यायला माणसं एकमेकांच्या अंगावर चढत होती. तेवढ्यात मागच्या बाकावरून पन्नाशीची एक बाई उठली. तिने पाटीतल्या कोंबड्या नीट झाकल्या आणि पाटी डोक्यावर घेतली.

"पोर हागलं म्हंजी पटकी व्हय रं?" ती पिशवीवाल्याला म्हणाली. "तू काय ल्हानपनी चंदन हागत हुतास?"

ती सुनीतीच्या मागोमाग खाली उतरली. "मी बनुबाई. मांदळीची. चला."

सुनीतीची ट्रंक टपावर घेऊन मोटार धूर सोडत निघून गेली.

जवळच्या शेतात मोट चालू होती. बनुबाईने विजूला पाटात उभं केलं आणि हाताने खसाखसा धुतलं. मांड्या, ढुंगण, पायांची बोटं. तोंड वाकडं केलं नाही. सुनीतीने लुगड्याचा घोळ पाण्यात खळबळला, पण वास काही निघेना. मग ती बांधावर बसली आणि सकाळपासून दाबून धरलेलं सगळं ओकून टाकलं. बनुबाईने त्याच ओल्या हाताने तिची पाठ चोळली.

विजूने बनुबाईच्या फडक्यातली भाकरी पाहिली आणि हात पुढे केला. बनुबाईने तिला चतकोर दिली.

"पटकी न्हाई," ती म्हणाली. "पटकीचं पोर भाकर मागत न्हाई."

उन्हं कलली तेव्हा मिरजगावच्या बाजूने बैलगाडी आली. मळ्यावरचा सालगडी कानिफनाथ हाकत होता. मागे ट्रंकेला टेकून यज्ञेश्वर.

"वैनी!" कानिफनाथने उडी टाकली. "हितं कशा तुमी? म्या मोटारीपाशी गाडी घिऊन हुबा हुतो. धाकले मालक म्हनले, तुमी न्हाई आला, उद्याच्या गाडीनं येताय. मला पटंना. ट्रंक आली अन् मानूस न्हाई, असं कसं? म्हनलं, बघून तरी येऊ."

सुनीतीने यज्ञेश्वरकडे पाहिलं. तो खाली उतरला आणि जवळ न येता हळू आवाजात म्हणाला, "वहिनी, समजून घ्या. जमत आलेलं लग्न मोडलं असतं. घरी काही बोलू नका."

कानिफनाथने हात दिला, तशी सुनीती गाडीत चढली. बनुबाईलाही तिने शेजारी बसवून घेतलं. यज्ञेश्वर दुसऱ्या टोकाला बसला. गाडी वळली, चालू लागली.

थोड्या वेळाने त्याने रुमाल काढून नाकाला लावला.

"घरी गेल्यावर हे लुगडं जाळूनच टाका, वहिनी. वास अगदी सहन होत नाही."

"मलाही होत नाही," सुनीती म्हणाली. "कानिफनाथ, गाडी थांबवा. भाऊजींना उतरू दे."

यज्ञेश्वर हसला. कानिफनाथ हसला नाही. त्याने कासरा ओढला.

"अहो, अजून दोन कोस आहे!"

सुनीतीने झोपलेल्या विजूला दुसऱ्या खांद्यावर घेतलं आणि वाट पाहत बसली. बैल शेपट्या झाडत उभे होते. कानिफनाथ पुढे रस्त्याकडे बघत होता. शेवटी यज्ञेश्वर धोतर सावरत उतरला.

गाडी हलली. फुफाटा उठला आणि मागे उभा असलेला माणूस दिसेनासा झाला.

बनुबाईने वाकून विजूचं अंग हुंगलं. "पोरीला अजून येतोय बरं का वास."

"येऊ दे," सुनीती म्हणाली. "तो धुतला की जातो."