निर्व्यसनी

सूक्ष्मदर्शकाखाली ट्रेमधल्या पेशींवरची बारीक लव एकाच दिशेला हलत होती. लय जराही चुकत नव्हती. शंतनू नेहमीपेक्षा जास्त वेळ बघत राहिला.

"त्या ट्रेशी लग्न केलंयस का?" त्याची बॉस पद्मिनी दारातूनच म्हणाली. "सोमवारी व्हायरस टाकायचाय. की परत काहीतरी एक्स्क्यूज?"

"बघू."

"बघू नाही, यार. तुझं ग्रीन कार्ड कंपनीच करतेय ना?"

अमेरिकेतल्या बॉथेल गावच्या या लॅबमध्ये दान आलेल्या फुप्फुसांच्या पेशींपासून श्वासनलिकेचं अस्तर वाढवायचे आणि पक्ष्यांचा फ्लू माणसात कसा शिरतो ते तपासायचे. दात्याचं नाव कळत नसे. कळे ते इतकंच: वयोगट, स्त्री की पुरुष, सिगरेट ओढणारा की न ओढणारा.

मार्चमध्ये एकाच आठवड्यात दोन दाते आले. दोघेही साठीतले पुरुष; एक ओढणारा, एक न ओढणारा. त्याच आठवड्यात, नागपूरहून राहायला आलेले शंतनूचे बाबा मेंदूत रक्तस्राव होऊन गेले होते. प्रत्यारोपणाला न चाललेली त्यांची फुप्फुसं संशोधनाला दिली होती, आणि त्या भागातली अशी फुप्फुसं याच लॅबकडे येत. बाबांनी कधी सुपारीसुद्धा खाल्ली नव्हती. दोघांतला न ओढणारा कोण, हे शंतनूला कुणी सांगावं लागलं नाही.

ओढणाऱ्याचं नाव त्याने 'बिडीकाका' ठेवलं आणि व्हायरस आधी त्याच्यावर टाकला. चारच दिवसांत अस्तराच्या चिंध्या झाल्या. पक्ष्याचा विषाणू माणसाच्या पेशींत शिरला होता; प्रयोग जमला होता. लॅबने केक कापला. "थँक यू, बिडीकाका," म्हणत शंतनूने तो ट्रे ब्लीचमध्ये बुडवला. सगळे खो खो हसले.

दुसऱ्या ट्रेला मात्र जून उजाडला तरी तो कुणाला हात लावू देत नव्हता.

पद्मिनीने सोमवारचं बजावलं त्या संध्याकाळी आईने भात वाढला, तेव्हा तो एकदम म्हणाला, "आई, मी नोकरी सोडतोय. आपण परत जाऊ."

"अरे, असं अचानक?"

त्याने सगळं सांगितलं. दोन ट्रे, बिडीकाका, सोमवार. "बाबांवर व्हायरस टाकायचा, आई. मला नाही जमणार."

सुमित्राबाईंनी भाताचं पातेलं बाजूला सारलं.

"नोकरी नको सोडूस," त्या म्हणाल्या. "तू नागपूरला सगळ्यांना फोन करत होतास ना, तेव्हा हॉस्पिटलातल्या बाईने फोनवर दुभाषी घेऊन मला त्यांच्या सवयी-व्यसनांबद्दल प्रश्न विचारले. गेलेल्या माणसाबद्दल खोटं कसं सांगायचं? मी खरं तेच सांगितलं. तुला मात्र कळू द्यायचं नाही, असं ठरवलं होतं मी. शंतनू, तुझे बाबा ऑफिसात ओढायचे. रोज."