विठ्ठलवाडीचा थांबा

सायकल ग्रुपच्या राइड नोंदवायला विनीतने वेबसाइट बनवली, तेव्हा सगळ्यांचा वेग जरा भारी दिसावा म्हणून थांबलेला वेळ तो गुपचूप कापून टाकायचा. लोकांनी कुरकुर केली, म्हणून या रविवारी राइडहून मानपाड्याला घरी आल्या आल्या त्याने थांबे दाखवायची सोय केली.

त्याच्या प्रत्येक जुन्या राइडच्या नकाशावर विठ्ठलवाडीच्या अलीकडे एक ठिपका उमटला. थांबा, चार मिनिटं. एकतीस राइड, एकतीस ठिपके, सगळे एकाच जागी.

तिथे तो कधीच थांबला नव्हता.

जीपीएस गंडलं असेल, म्हणून त्याने कायम सोबत असणाऱ्या समीक्षाची नोंद उघडली. तिच्या रेघेवर ठिपका नव्हता. हिनेच नोंदींत काहीतरी मस्करी केली असेल, असं वाटून त्याने तिला फोन लावला.

"अगं, मी विठ्ठलवाडीला कधी थांबतो का?"

"कधी काय, दर वेळी थांबतोस. त्यांच्याशी बोलतोस, मग येऊन मला गाठतोस."

"कोणाशी?"

"मला काय माहीत? विचारायचं नाही, असं तूच सांगितलंयस." ती हसली. "आज तर म्हणालास, तू जा घरी, मला वेळ लागेल. सुटलास का रे तिथून?"

आज ती दोघं गप्पा मारत थेट त्याच्या बिल्डिंगपर्यंत आली होती, हे विनीतला पक्कं आठवत होतं.

त्याने आजची राइड उघडून तिच्यावरचा ठिपका दाबला. थांबा सुरू, सात बेचाळीस. थांबा संपल्याची वेळ कोरीच होती. शेजारी मिनिटं होती, एकशे नव्वद, आणि त्याच्या डोळ्यांदेखत त्यांची एकशे एक्क्याण्णव झाली.