मक्केतली भेट

अल्जीरियाच्या यात्रेकरूंचे उंट शेख सिराजच्या दाराशी बसले आणि मागच्या उंटावरून लल्ला यामिना उतरली. मक्केत आलेल्या यात्रेकरूंची सोय बघणं हा शेखचा पिढीजात धंदा होता.

अंगणात खांबाआड उभ्या असलेल्या लखदरने आईला चालण्यावरून ओळखलं. स्वातंत्र्याची भाषणं केली म्हणून फ्रेंचांनी त्याला देशाबाहेर घालवलं, त्याला बारा वर्षं होत आली होती. त्याला घरी जाता येत नव्हतं, पण आईला हजला येता येत होतं. नुसतं लांबून बघायचं, असं त्याने स्वतःला बजावलं होतं. कारण त्याला भेटलेल्या माणसाचं घरदार तुरुंग बघत असे, आणि घरी धाकटा भाऊ बूमदीन होता.

अंगणात सगळे पुरुष सारखेच दिसत होते. उघडं डोकं, अंगावर दोन पांढरी, न शिवलेली वस्त्रं. लखदरच्या अंगावर तीच होती. फ्रेंच सरकारने यात्रेकरूंवर नजर ठेवायला जहाजाबरोबर धाडलेल्या कद्दूरच्याही अंगावर तीच. म्हणून तो शेजारीच उभा आहे हे लखदरला कळलं नाही.

उंबऱ्याशी म्हातारी अडखळली आणि लखदरच्या तोंडून निघून गेलं, "सांभाळ, यम्मा!"

कद्दूर गर्रकन वळला. "लल्ला यामिना, हा लखदर ना? तुमचा थोरला?"

यामिनाने लखदरला पायांपासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. तिने मुळीच घाई केली नाही.

"म्हाताऱ्या बाईला कोणीही यम्मा म्हणतं, कद्दूरसाहेब," ती म्हणाली. "माझा थोरला अंगापिंडाने भरलेला. याच्या तर बरगड्या वर आल्यात. टक्कलही पडायला लागलंय. याला वेळेवर जेवायला घालणारं कोणी नाही वाटतं?"

"अल्लाच्या दारी आलायत, हाज्जा. इथे तरी खोटं बोलू नका."

"म्हणूनच सांगते. हा माझा कोणी नाही."

कद्दूर हसला. "खरंय, या सापळ्याला कोण आपला म्हणेल!" असं म्हणून तो पाणी प्यायला रांजणाकडे गेला.

लखदर जागचा हलला नाही. हलला असता तर त्याने तिचे पाय धरले असते.

यामिना शेख सिराजसमोर जाऊन बसली आणि हातातलं चांदीचं कडं ओढू लागली. ते मनगटाशी अडकलं, तरी तिने ओढून काढलंच.

"शेखसाहेब, हे घ्या. माझ्या नावाने एक बकरं कापा. मांस गरिबांना वाटा."

"आत्ताच? अजून काबासुद्धा पाहिला नाहीत तुम्ही!" शेखला हसू आलं. "हजच्या व्रतात चूक झाली तर प्रायश्चित्ताचं बकरं लागतं, हाज्जा. काय झालं? केस तोडलात? नख कापलंत?"

"नख नाही, बाबा," यामिना म्हणाली. लखदरकडे तिची पाठ होती. "बोट तोडलं."